हंसांना पारख असते

३ फेब्रुवारी

बागेतल्या बाकाला आजपासून कायमचा रामराम.

रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी त्या चौघांत जाऊन बसत होतो, ही माझी चूक. एक जण स्वतःच्या शुगरवर बोलतो. दुसरा जावयाच्या शुगरवर. तिसऱ्याला ऐकू येत नाही आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. मी बोलायला लागलो की चौथा आधीच मान डोलवून मोकळा होतो. आज मी पाण्याच्या व्हॉल्व्हबद्दल एक मूलभूत मुद्दा मांडत होतो. तो अर्ध्यावर आला आणि शुगरवाला उठून म्हणाला की चला, मालिकेची वेळ झाली. चौघेही उठले. मुद्दा तिथेच बाकावर पडून राहिला.

पाणी खात्याच्या तक्रार विभागात आख्खी नोकरी काढली आहे. माणूस हा प्राणी मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिलेला आहे. त्याच्याकडून अपेक्षा ठेवणं आजपासून बंद.

९ फेब्रुवारी

सोबतीसाठी योग्य प्राणी कोणता, याचा आठवडाभर अभ्यास केला. कुत्रा लाचार. मांजर उर्मट. पोपट नकलाकार, त्यातले पुरेसे ऑफिसात होते.

हंस. पाळीव, पांढरे, जमिनीवर चालणारे हंस. एका मासिकात लेख मिळाला. हंस रुबाबदार असतो. मितभाषी असतो. एकदा कोणाला आपलं मानलं की जन्मभर मानतो. आणि मुख्य म्हणजे त्याला माणसांची पारख असते. अंड्यात असताना जो आवाज ऐकला आणि बाहेर आल्यावर जो चेहरा पहिल्यांदा पाहिला, तो त्याचा. लायक आवाज आणि लायक चेहरा या घरात एकच आहे.

बायकोला कळवलं. ती म्हणाली, घाण कोण काढणार? दखल घेतली.

(ही आमच्या विभागातली पद्धत. कुठल्याही तक्रारीवर ‘दखल घेतली’ असा शेरा मारला की निम्म्या तक्रारी आपोआप मरतात. घरात सगळ्याच मरतात.)

मुलगी बोलावतेय, नातवाला सांभाळायला कोणी नाही, असंही काहीतरी ती सांगत होती. त्याचीही दखल घेतली.

१२ फेब्रुवारी

अंडी आणली. पाच. अंडीवाला गावाबाहेर राहतो, बोलायची रीत नाही. सगळ्यांतून पिल्लं निघतीलच असं नाही, म्हणाला. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, घरात आणखी कोणी आहे ना? या चौकशीचा अंड्यांशी काय संबंध, ते त्याने सांगितलं नाही.

इन्क्युबेटर मागच्या खोलीत ठेवला. प्लगची सोय तिथेच आहे. त्याच खोलीत बायकोची पायमशीन. ती दुकानांसाठी पडदे आणि पिशव्या शिवून देते, दिवसभर खडखड चालू. अंड्यांना त्रास होईल म्हणून मशीन हलव म्हणालो. ती म्हणाली, मशीन खिडकीपाशीच राहणार, डोळ्यांना उजेड लागतो. अंडी हलवा. काही लोकांना प्रसंगाचं गांभीर्य कळत नाही.

रोजचा कार्यक्रम: सकाळी अंड्यांशी पंधरा मिनिटं संभाषण. दिवसातून तीन वेळा अंडी फिरवणे. एका बाजूला पेन्सिलने फुल्या मारल्या आहेत, म्हणजे फिरवली की नाही ते कळेल. दुपारसाठी गजर लावला.

१५ फेब्रुवारी

अंड्यांना जुनी परिपत्रकं वाचून दाखवतो. माझा आवाज त्यात खुलतो.

दुपारचा गजर वाजला. अंडी दचकतील म्हणून ताबडतोब बंद केला आणि पुन्हा आडवा झालो.

१८ फेब्रुवारी

एक विलक्षण गोष्ट. दुपारी चारला उठून पाहतो तर सगळ्या फुल्या खाली गेलेल्या. म्हणजे झोपण्याआधी मीच फिरवली असणार. शिस्त अंगात इतकी मुरली आहे की कामं होऊन जातात आणि मला पत्ताही लागत नाही.

२६ फेब्रुवारी

इन्क्युबेटरमधलं पाणीही वेळेवर भरलेलं असतं. स्वतःबद्दलचा आदर वाढतो आहे.

बायको मशीनवर बसून फोनवर मुलीशी बोलते, नाहीतर स्वतःशी. दोरा तुटला तर दोऱ्याशी. अंड्यांच्या कानावर नको ते पडतं म्हणून आवाज कमी कर म्हणालो. ती म्हणाली, अंडी तुमच्या परिपत्रकांनी कधीच झोपली आहेत, आता त्यांना काय ऐकू येतंय. हा विनोद असावा.

१३ मार्च

ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहीत आहे.

पहाटेपासून एका अंड्यातून टकटक. मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा पुसून इन्क्युबेटरसमोर खुर्ची टाकून बसलो. चेहऱ्यावर योग्य तो भाव ठेवला होता. दोन तास ठेवला.

साडेदहाला शेजारच्या दातांच्या डॉक्टरने आपली गाडी पुन्हा आमच्या फाटकासमोर लावली. हे मी सहन करणार नाही हे त्याला माहीत आहे. फक्त दोन शब्द सुनवायला गेलो. हा डॉक्टर भांडणाचाही माणूस नाही. आपण आवाज चढवला की म्हणतो, बसा ना, चहा घेता का? त्यामुळे भांडण संपतच नाही. त्याला पार्किंगचा नियम, त्यामागचं तत्त्व आणि त्याच्यासारख्यांमुळे समाजाचं काय होतं हे सगळं समजावून परत आलो तर तीन पिल्लं बाहेर. दोन अंडी तशीच राहिली, ती अंडीवाल्याची बेपर्वाई.

पिल्लं मशीनखाली पडद्याच्या चिंधीवर होती. बायको पायडल मारत होती आणि तिन्ही माना वर करून तिच्याकडे बघत होती. मी ताबडतोब खाली वाकून चेहरा दाखवला. पिल्लं तिच्या पावलांमागे गेली.

काळजीचं कारण नाही. नवीन स्टाफही पहिल्या दिवशी शिपायालाच साहेब समजतो.

१४ मार्च

नावं ठेवली. सगळ्यांत मोठा: संयम. मधला: विवेक. धाकटी: निष्ठा. (नर-मादी अजून कळत नाही. नावात मी चुकणार नाही.)

बायको त्यांना मोठ्या, मधल्या आणि धाकटे म्हणते. कल्पनाशक्ती ही प्रत्येकाला मिळत नाही.

२ एप्रिल

पिल्लं बायकोच्या मागे स्वयंपाकघरात जातात, मागच्या खोलीत जातात, कपडे वाळत घालायला अंगणात जातात. ती बाथरूममध्ये गेली की दाराबाहेर रांगेत उभी राहतात. मी तिच्यावर पहारा ठेवायला सांगितलं होतं, ते त्यांनी मनावर घेतलेलं दिसतं.

सकाळी त्यांना परिपत्रक वाचून दाखवलं. विवेक झोपला. संयमने कागद खाल्ला.

२० एप्रिल

बायकोची तक्रार: अंगणभर घाण. दिवसातून तीनदा पाणी मारावं लागतं.

दखल घेतली.

५ मे

मितभाषी हा शब्द मासिकाने ढिलाईने वापरला आहे. फाटकाची नुसती कडी हलली तरी तिघं मिळून गल्ली डोक्यावर घेतात. पोस्टमन आता पत्रं डॉक्टरकडे टाकतो. त्यामुळे मला माझ्याच पत्रांसाठी त्या माणसाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आज म्हणाला, काय, बदकं कशी आहेत? दाढा उपटणाऱ्याकडून हंस आणि बदक यातला फरक कळण्याची अपेक्षा मी ठेवत नाही. तरीही समजावून सांगितला. चहा घेता का, म्हणाला.

१९ मे

आज बाकावरच्या मंडळींना हंस दाखवायचं ठरवलं. मी पुढे, हातात काठी, मागे एका रेषेत तिघं, बागेला एक फेरी. बाकाकडे बघायचं नाही. नुसतं जायचं.

हंस माझ्या मागे फाटकापर्यंतही आले नाहीत. पावाचा तुकडा दाखवला तर संयमने तुकडा घेतला आणि परत गेला. तेवढ्यात बायको शिवलेल्या पिशव्या दुकानात द्यायला निघाली, तर तिघं लगेच तिच्या मागे. मी प्लॅनमध्ये किरकोळ बदल केला. ती पुढे, मग हंस, मग मी.

बागेपाशी चौघेही बाकावरून उठून उभे राहिले. शुगरवाला तर कोणासाठी उठत नाही. बायकोला विचारलं, वहिनी, यांना हे शिकवलंत कसं? ती म्हणाली, मी काहीच नाही केलं हो, आपोआप येतात. याला मी बेजबाबदार विधान म्हणतो. मग ज्याला ऐकू येत नाही त्याला हे नेमकं ऐकू आलं आणि त्याने मला विचारलं, तुम्हीही आपोआप येता का? चौघांना खूप हसू आलं. ती बौद्धिक पातळी सोडून दिल्याचं समाधान वाटलं.

मी मागून नियंत्रण ठेवत होतो, हे पुढून दिसत नाही.

११ जून

संयमने मांडीला चावा घेतला.

तो आता पुरता वाढला आहे. मी आरामखुर्ची अंगणात नेत होतो, इतकंच. मान जमिनीलगत लांब करून, फिसफिस करत आला आणि पँट धरून पिळली. मासिकात पाहिलं. नर आपल्या हद्दीत शिरणाऱ्या परक्यावर असा धावून जातो. म्हणजे नजरेचा घोटाळा झाला. संध्याकाळचा उजेड फसवा असतो.

बायको मलम लावताना हसत नव्हती, पण हसायचं राहून गेल्यासारखा चेहरा होता.

१२ जून

सकाळचा उजेडही फसवा असतो.

३० जून

ठराव: अंगणात जाताना छत्री उघडून पुढे धरायची. ही भीती नव्हे. प्रोटोकॉल.

१६ जुलै

अत्यंत संतापजनक. तिघं हंस कुंपणाच्या फटीतून डॉक्टरच्या हिरवळीवर गेले. मी त्याचं नुकसान बघायला आनंदाने गेलो, तर तो पायरीवर बसून संयमची मान खाजवत होता. संयमने डोळे मिटले होते. विवेक त्याच्या चपलेवर बसला होता.

ज्या माणसाला बदक म्हणायचं की हंस हे कळत नाही, त्याच्याकडे.

म्हणाला, चावत नाहीत हो, उगाच घाबरतात लोक.

मासिकातल्या त्या लेखाचा पुनर्विचार करावा लागेल. हंसांना माणसांची पारख असते हे सरसकट खरं नाही. लहान वयात संगत बिघडली की पारख जाते. माणसांचंही तसंच होतं.

४ ऑगस्ट

बायको मुलीकडे निघाली आहे. मुलीची वाढवलेली रजाही संपली, नातू लहान आहे. मी म्हणालो, खुशाल जा. मनात म्हटलं, बरंच झालं. मध्ये कोणी नसलं की हंस आपोआप माझ्याकडे वळतील. इतके दिवस हाच अडथळा होता.

तिने सूचना दिल्या. कोणाला काय आवडतं, पाणी कुठे बदलायचं, धाकटीला खाताना सोबत लागते. दखल घेतली. ती थांबली आणि म्हणाली, हे काय म्हणालात? मी म्हणालो, दखल घेतली. मग तिने कपड्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली आणि घड्या घालता घालता बरंच बोलली. की या घरात मी बोलले तर निदान हंस मान वर करून बघतात. की आजवर जितक्या वेळा मी बाहेरगावी गेले, तितक्या वेळा तुम्ही एकदाही विचारलं नाही की परत कधी येणार.

मी खुलासा केला की परतीची तारीख जाणाऱ्याने कळवायची असते. ही साधी ऑफिसची पद्धत आहे.

ती म्हणाली, मग या वेळी तारीख नाही. यावंसं वाटलं तर येईन.

हंसांचा मत्सर. दुसरं काय.

५ ऑगस्ट

गेली. विचारलं नाही. आता विचारलं तर काल म्हणाली म्हणून विचारलं असा तिचा समज होणार.

हंस फाटकापाशी उभे आहेत आणि ओरडत आहेत. मी फाटक लावलं, तेव्हा माझ्याकडे बघून ओरडले. जणू मीच तिला घालवलं.

६ ऑगस्ट

अजून ओरडत आहेत. चहा स्वतः केला. साखरेचा डबा तिने कुठल्या तर्काने त्या कपाटात ठेवला आहे ते कळलं नाही.

८ ऑगस्ट

शास्त्रीय प्रयोग. हंस मशीनच्या आवाजावर वाढलेले आहेत. तेव्हा मशीन चालवली की येतील. मागच्या खोलीत बसून पायडल मारलं. पाच मिनिटांत पोटऱ्या भरून आल्या. ही बाई दिवसभर कशी मारते कोण जाणे.

आले. तिघंही दारात आले. आत पाहिलं. परत गेले. सुई माझ्या शर्टाच्या बाहीतून गेली होती, ती सोडवण्यात सकाळ गेली.

१० ऑगस्ट, सायंकाळी ६

दुसरा शास्त्रीय प्रयोग. पक्षी चेहरा बघत नाहीत, आकार आणि रंग बघतात. बायकोचा निळा फुलाफुलांचा गाऊन खुंटीवर होता. तो घातला. तिच्या चपला पायात बसत नव्हत्या, टाचा बाहेर ठेवून चाललो. डोक्याला तिचा स्कार्फ. आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून हातात कोबीची पानं घेऊन अंगणात गेलो.

परिणाम सुरुवातीला उत्साहवर्धक. संयम अंगणाच्या त्या टोकाहून पंख पसरून धावत आला. अर्ध्यावर थांबला. मान तिरकी करून वर बघितलं. मग वळून चालत परत गेला. येताना धावत, जाताना चालत. आजवर अनेकांनी मला नापसंत केलं असेल. इतक्या सावकाश कोणीच केलं नव्हतं.

तेवढ्यात कुंपणावरून डॉक्टरचा आवाज आला. म्हणाला, अरे वा, वहिनी, कधी आलात? मी वळलो. त्याने माझ्या मिश्या पाहिल्या. या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच चहाचं विचारायचं सुचलं नाही.

१२ ऑगस्ट

निष्ठा खात नाही. कालपासून दाण्यांना तोंड लावलेलं नाही. कोपऱ्यात मान पंखात घालून बसली आहे. मी जवळ गेलो तर चावलीही नाही. हे मला बरं वाटलं नाही.

बायकोला फोन करणार नाही. तिला वाटेल मला जमत नाही.

१३ ऑगस्ट

फोन केला. हंसांच्या वतीने.

मुलीने उचलला. ती आईवर गेली आहे. म्हणाली, बाबा, तुम्ही फोन केलात? काय झालं, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही, निष्ठा खात नाही असं सांगितलं. मग बायको आली. मी सगळा तपशील मुद्देसूद द्यायला लागलो तर म्हणाली, तुम्ही थांबा, फोन तिच्याजवळ धरा.

धरला. स्पीकर लावला. बायको म्हणाली, काय गं धाकटे, रुसलीस? निष्ठाने मान काढली. मोठा आला, मधला आला. म्हणजे संयम आणि विवेक. तिघं फोनभोवती गोळा झाले आणि काहीतरी कुजबुजल्यासारखे आवाज काढत राहिले. हा आवाज ते काढू शकतात हे मला माहीतच नव्हतं. बायको बोलत राहिली आणि निष्ठाने माझ्या हातातून दाणे खाल्ले.

माझ्या हातातून. याची नोंद घ्यावी.

२२ ऑगस्ट

रोज सात वाजता फोन येतो. हंसांसाठी. मी नुसता धरायला असतो. पाठीमागे उशी घेऊन पायरीवर बसतो म्हणजे पाठ अवघडत नाही.

ती त्यांना दिवसभराचं सगळं सांगते. नातू काय बोलायला लागला, जावयाने कसली भाजी आणली, मुलगी कामावरून आली की कशी सोफ्यावर पडते. अत्यंत सामान्य विषय. बाकावरची माणसं परवडली. तरी मी आज पावणेसातलाच जाऊन बसलो, कारण हंसांना वाट बघायला आवडत नाही.

२९ ऑगस्ट

आज ती धाकटीला सांगत होती की डावा पाय सुजतो. पायडलमुळे, गेल्या थंडीपासून. संध्याकाळी चप्पल चढत नाही. मुलीने तिकडच्या डॉक्टरला दाखवलं. म्हणाली, घरी असताना कोणाला सांगणार, तुम्हा तिघांना तेवढं सांगत होते.

मी तिथेच होतो. तेव्हाही घरात होतो. आजही फोन मीच धरला होता.

निष्ठाला यातलं काय कळतंय? मध्येच पंख झाडायला लागली. अशा वेळी जरा नीट बसावं माणसाने.

१ सप्टेंबर

बायकोने परत यावं असं मला वाटत नाही. हंसांना वाटतं. मी फक्त त्यांचा निरोप पोचवणार आहे. उद्या सात वाजता, हंसांचं झालं की.

बोलायचे मुद्दे: हंस वाळले आहेत. मशीनला तेल घातलं आहे. अंगण मी दोनदा धुतलं. (एकदा पावसाने, एकदा मी.) मग सहज, परत कधी, असं विचारायचं. सहज.

२ सप्टेंबर

हंसांचं झाल्यावर मी घसा साफ केला. ती म्हणाली, कोण, तुम्ही आहात का अजून? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, बोला. मी म्हणालो, स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे.

ती म्हणाली, दखल घेतली. आणि फोन ठेवला.

१० सप्टेंबर

बायकोचा निर्णय आला. मुलीचं नवीन घर तळमजल्यावर आहे, मागे मोकळी जागा आणि जुना हौद. हंस तिकडे पाठवा म्हणाली. टेम्पोची व्यवस्था डॉक्टर करतील. म्हणजे मला सांगण्याआधी तिने डॉक्टरशी बोलून घेतलं होतं.

मी साफ नकार दिला. हंस माझे आहेत, कल्पना माझी, अंडी मी आणली. ती शांतपणे म्हणाली, ठीक आहे, मग तुमच्याकडेच राहू देत. मी फोन करणं बंद करते, म्हणजे त्यांना तुमची सवय होईल.

विचार केला. संध्याकाळपर्यंत केला. आणि हंसांच्या हिताचा निर्णय घेतला. हंस जातील. अर्थात इतक्या लांबच्या प्रवासात अनुभवी माणूस बरोबर असणं भाग आहे. तिथे गेल्यावर रुळेपर्यंत काही दिवस, कदाचित काही महिने, थांबावंही लागेल. मला हौस नाही. जबाबदारी म्हणून.

१३ सप्टेंबर

बॅग भरली. इस्त्रीचे चार शर्ट. डाव्या पायाच्या सुजेसाठी काय असतं असं औषधाच्या दुकानात विचारलं, तर दुकानदाराने सुजेवरची पट्टी दिली. प्रवासात हंसांना लागू शकते.

बायकोला बॅगेबद्दल सांगितलेलं नाही. तीच म्हणेल, तुम्हीही या.

१४ सप्टेंबर

आज सातच्या फोनवर म्हणाली नाही. उद्या सकाळी टेम्पो आहे, तेव्हा फोन करून म्हणेल. तिच्या सगळ्याच गोष्टी शेवटच्या क्षणी असतात.

१५ सप्टेंबर

टेम्पो साडेआठला आला. हंस फळीवरून वर चढेनात. मी छत्री घेऊन मागून हाकायला गेलो तर तिघं माझ्यावरच उलटले. शेवटी डॉक्टर आला. नुसता पुढे चालत फळी चढला आणि तिघं त्याच्या मागे एका रेषेत.

मी बॅग घेऊन पुढच्या दाराशी गेलो. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर एक बॅग आधीच होती. डॉक्टरची. म्हणाला, दवाखाना दोन दिवस बंद ठेवलाय, वहिनी म्हणाल्या की ओळखीचं माणूस बरोबर असलेलं बरं, वाटेत घाबरतील. मग माझ्या हातातली बॅग बघून विचारलं, तुम्हीही कुठे निघालात का?

मी म्हणालो, कपडे इस्त्रीला द्यायचे आहेत.

टेम्पो वळेपर्यंत फाटकात उभा होतो. एकाही हंसाने मागे बघितलं नाही. त्यांना मागचं दिसत नव्हतं, ताडपत्री होती.

१६ सप्टेंबर, सायंकाळी ७

पायरीवर बसलो आहे. उशी घेतली आहे. फोन चार्ज केलेला आहे.

सायंकाळी ७.२०

फोन आला नाही. येणार कसा? हंस तिकडे आहेत.

अंगण स्वच्छ आहे. कोणी घाण केलेली नाही. इतकी शांतता मला नोकरीत मिळाली असती तर मी कुठच्या कुठे गेलो असतो.

सायंकाळी ७.५०

मीच लावला. कोणाच्याही वतीने नाही.

बायकोनेच उचलला. मागे नातवाचा आवाज, डॉक्टरचं हसणं, हंसांची कुजबुज. मी म्हणालो, मी बोलतोय. ती म्हणाली, हं, पोचले हो सगळे नीट. मी म्हणालो, बरं. ती थांबली. मी एकदम विचारलं, पाय कसा आहे?

ती म्हणाली, कोणाचा? मोठ्याचा?

मी पट्टीचं पाकीट हातात धरून बसलो होतो. म्हणालो, हो. संयमचा.

ती म्हणाली, त्याला काय धाड भरलीय, हौदात उतरलाय मजेत. ठेवू का आता? डॉक्टरांना जेवायला वाढायचंय.

ठेव म्हणालो.